हात पाठीमागं

सेनगावहून अकरा किलोमीटरवर आमची शाळा.
टॅब अकरा, लेकरं सव्वीस,
आणि राउटर एकच, खडूच्या कपाटावर.
हळद पॉलिश करायच्या दिवसांत
त्याच्यावरही पिवळी धूळ बसते.

नेटवर्कचं एक वेळापत्रक असतं,
ते भिंतीवर लावलेलं नाही.
गाव हळद काढायला रानात गेलं
की अकरा ते दीड बरं चालतं.
बाजारच्या दिवशी नाही.
मुटकुळ्यांच्या दारात मांडव पडला
तर दोन दिवस विसराच.
लाईट गेल्यावर टॉवरची बॅटरी किती तग धरते
ते मला पाठ आहे,
घरचा सिलेंडर किती दिवस जाईल ते असतं तसं.

चौथीतली निलोफर.
सात आठे छप्पन्न हे ती झोपेतसुद्धा सांगेल.
छप्पन्नवर बोट टेकवलं.
काहीच झालं नाही.
ते वर्तुळ फिरत राहिलं,
घाण्याच्या बैलासारखं, तेल मात्र नाही.
तिनं माझ्याकडं बघितलं.
चुकलं असंल, असं वाटलं असणार तिला.
त्रेसष्टवर दाबलं.
परत छप्पन्नवर.
मग कुठंही.

आणि मग सगळं एकदम पोचलं.
पहिलं बोट बरोबर,
दुसरं पुढच्या प्रश्नावर,
तिसरं त्याच्याही पुढच्या,
जे प्रश्न तिनं अजून वाचलेही नव्हते.

फेब्रुवारी सरताना अहवाल आला, रंगीत.
निलोफर शेख: विचार न करता उत्तरे देते.
खाली सल्ला: पालकांशी बोला.

बोलले.
तिची माय हळदीच्या मुळ्या खुडत होती,
मान वर न करता म्हणाली,
"बाई, ही तर भाजीत मीठ टाकायच्या आधी बी
दोनदा इचार करती."

कंपनीला पत्र लिहिलं
(ते जायलाच चार मिनिटं लागली):
लेकरं घाई करत नाहीत,
तुमचा होकार उशिरा पोचतो.
बोट टेकल्याबरोबर 'ऐकलं' एवढं तरी
टॅबनं आपल्या मनानं म्हणावं.
तेवढ्यासाठी त्याला
दूरवर कुणाला विचारायला जायची काय गरज?

उत्तर आलं:
आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.

मग मीच नियम काढला.
बोट एकदाच टेकवायचं.
हात पाठीमागं बांधायचे.
मनात दहा म्हणायचं.
तरी वर्तुळ फिरतच असलं तर परत दहा.
शिपाईमामा दारातून बघून म्हणाले,
"काहून, सगळ्यायला शिक्षा झाली का आज?"

मार्चच्या अहवालात निलोफरच्या पुढं:
प्रतिसाद मंद.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात हिंगोलीला स्पर्धा.
नवी इमारत, थंडगार हॉल,
फायबरची पांढरी वायर भिंतीतून सरळ आलेली.
शिक्षकांनी बाहेर थांबायचं.
मी दाराच्या काचेला नाक लावून उभी.

पहिला प्रश्न.
निलोफरनं बोट टेकवलं
आणि ते उचलायच्या आत हिरवी खूण,
पुढचा प्रश्न समोर हजर.
ती दचकली.
सगळ्या हॉलभर बोटं वाजत होती
तुरीच्या शेंगा बडवाव्यात तशी,
आणि आमच्या चार पोरी
हात पाठीमागं बांधून, ओठ हलवत बसलेल्या.

पडदा त्यांच्यासाठी थांबला होता.
कोपऱ्यातलं घड्याळ थांबलं नव्हतं.
मी काचेवर बोटानं टकटक केलं,
"नको मोजू गं, इथं मोजू नको,"
पण काच जाड होती.
निलोफरनं वळून बघितलं,
बाई आहेत म्हणून थोडं हसली,
आणि सहा म्हणाली,
ते मला तिच्या ओठांवरून कळलं.